कारण : ताप

मृत्यूच्या नोंदीकडे मजकूर म्हणून पाहण्याची सवय आपल्या समीक्षेला नाही. शिलालेख, ताम्रपट, बखरी, तवारिखा, इतकेच काय जमाखर्चाच्या वह्यासुद्धा आपण भाषेच्या इतिहासात कुठे ना कुठे बसवल्या. परंतु गावच्या कोतवालाने वहीत लिहिलेली एक ओळ – नाव, बापाचे नाव, जात, वय, तारीख, मृत्यूचे कारण – हीदेखील एक रचना आहे, आणि कुणीतरी काही निवडून, काही गाळून ती केलेली आहे, असे मराठीच्या वर्गात सहसा शिकवले जात नाही. विदर्भात ही वही 'कोतवाल बुक' या नावाने ओळखली जाते. जातपडताळणीसाठी पणजोबांची नोंद शोधत तहसील कचेरीत हेलपाटे घालणाऱ्या विद्यार्थ्यांमुळे तिचा आणि आमचा परिचय झाला. विद्यार्थ्यांचे लक्ष अर्थातच जातीच्या रकान्यावर असे. त्यांनी आणलेल्या नकला चाळताना आमचे लक्ष हळूहळू कारणाच्या रकान्याकडे वळले. तिथे ओळीमागून ओळ बहुधा एकच शब्द असे : ताप.

यात कोतवालाचा दोष नव्हता. इंग्रजी अमदानीतील आरोग्य-अहवालांत मृत्यूची कारणे ठरावीक शीर्षकांखाली मोजली जात : पटकी, देवी, प्लेग, ताप, अतिसार व आमांश, श्वसनाचे विकार, दुखापती आणि इतर. पटकी, देवी आणि प्लेग ही तिन्ही दुखणी नजरेला ओळखू येणारी. ज्याचे दृश्य लक्षण ठाऊक नाही ते सारे 'ताप' या शीर्षकात लोटायचे. हिवताप, विषमज्वर, मेंदूज्वर, बाळंतपणानंतरचा ज्वर, आणि पुढे ज्यांना विषाणूजन्य म्हणून नावे मिळाली ती सगळी दुखणी त्या दोन अक्षरांत एकत्र नांदत होती. शब्द एकच, परंतु त्याच्या पोटात कितीतरी वेगवेगळे मृत्यू.

आम्ही तिघे चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतील महाविद्यालयांत मराठी शिकवतो. १९८२ पर्यंत हे दोन्ही मिळून एकच जिल्हा होता. जुनी माणसे अजून त्याला 'चांदा' म्हणतात. गडचिरोलीचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग आजही जंगलाखाली आहे. आमच्या वर्गात झाडीबोली बोलणारी मुले असतात, गोंडी आणि माडिया बोलणारी असतात, सिरोंच्याकडची तेलुगू घरची असतात, मुलचेरा-चामोर्शीकडच्या बंगाली वसाहतींतली असतात. हजेरीपटावर ही सगळी 'मराठी वाङ्मय' या एका विषयाखाली येतात. विषाणू हा आमचा अभ्यासविषय नव्हे, आणि या लेखात वैद्यकशास्त्र शिकवण्याचा आमचा मुळीच मानस नाही. आमचा प्रश्न भाषेचा आहे : जंगलातल्या एखाद्या घरात रात्री मूल तापाने फणफणते, त्या घटनेचे रूपांतर सरकारी कागदावरच्या शब्दात कसे होते, आणि त्या वाटेवर काय काय सांडते?

हा प्रश्न आम्हांला सुचला तो एका गावाच्या नावावरून. १९६५ साली नागपुरात चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती. तिचा तपास करणाऱ्या पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला तापाच्या दोन प्रौढ रुग्णांच्या रक्तात एक वेगळाच, तोवर कुणी न पाहिलेला विषाणू आढळला. पी. एन. भट्ट आणि एफ. एम. रॉड्रिग्ज यांनी १९६७ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. रुग्ण ज्या गावचे होते त्या चांदीपुरा या गावाचे नाव विषाणूला दिले गेले. कुळाने तो अलर्कविषाणूचा, म्हणजे पिसाळलेल्या कुत्र्याच्या रोगाच्या विषाणूचा दूरचा नातलग. पुढे तो महाराष्ट्रातल्याच वाळूमाश्यांत सापडला. वाळूमाशी डासाच्या मानाने बरीच लहान, मातीच्या भिंतींच्या भेगांत राहणारी, ओलसर, शेणामातीच्या जागी अंडी घालणारी, आणि उडण्यापेक्षा टुणटुणत पुढे सरकणारी.

ज्या साथीच्या तपासात हा विषाणू हाती लागला तिच्याही नावाचा इतिहास सांगण्यासारखा आहे. 'चिकुनगुन्या' हा शब्द टांगानिकातील, म्हणजे आजच्या टांझानियातील, माकोंडे लोकांच्या भाषेतला. १९५२-५३ च्या साथीत सांधेदुखीने वाकून गेलेल्या माणसाचे वर्णन तिथल्या लोकांनी ज्या क्रियापदाने केले, त्यापासून हे नाव आले. रोग्याच्या बोलीतला शब्द जसाच्या तसा वैद्यकाच्या कोशात जावा, असे क्वचितच घडते. बहुतेक विषाणूंच्या वाट्याला भूगोल येतो : झिका हे युगांडातील जंगल, निपाह हे मलेशियातील गाव, क्यासनूर हे शिमोग्याजवळचे अरण्य. १९७६ साली काँगोमध्ये इबोलाचे नाव ठरवताना शास्त्रज्ञांनी जाणूनबुजून गाव टाळले आणि नदीचे नाव घेतले, गावाला कायमचा बट्टा लागू नये म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सूचनाच काढली की नव्या रोगांना यापुढे स्थळांची, माणसांची वा प्राण्यांची नावे देऊ नयेत. चांदीपुराच्या बाबतीत ही सूचना पन्नास वर्षे उशिरा आली.

मराठीची जुनी रीत याहून निराळी होती. देवी, गोवर, कांजिण्या, गालगुंड, नागीण : विषाणूजन्य रोगांची ही आपली नावे पाहिली तर त्यांत गाव कुठेच नाही. अंगावर काय दिसते, कोणता अवयव सुजतो, पुरळ कसा सरकतो, हे पाहून ती पडली. एका रोगाला तर साक्षात देवतेचे नाव देऊन त्याच्याशी अदबीने बोलण्याची सोय केली गेली. शरीरावर खूण उमटवणाऱ्या रोगांना मराठीने नावे दिली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जो रोग बाहेर काहीच उमटवत नाही आणि एका रात्रीत मूल घेऊन जातो, त्याच्यासाठी आपल्यापाशी शब्द नव्हता. तो तापात गेला.

नाव मिळाल्यावरही चांदीपुरा विषाणूकडे कुणाचे फारसे लक्ष गेले नाही. माणसांच्या आणि जनावरांच्या रक्तात त्याच्या खुणा सापडत, दूर आफ्रिकेतल्या सेनेगलमधील वाळूमाश्यांतही तो मिळाला. १९८३ साली तीव्र मेंदूविकाराच्या रुग्णाच्या रक्तात तो आढळल्याचा निबंधही प्रसिद्ध झाला. तरी साथ आणणारा रोग म्हणून त्याची गणना नव्हती. २००३ च्या जूनपासून ऑगस्टपर्यंत आंध्र प्रदेशात मुलांमध्ये मेंदूज्वरासारख्या आजाराची साथ आली. ३२९ मुले आजारी पडली, त्यांतली १८३ गेली. ताप, उलटी, झटके, बेशुद्धी, आणि पुष्कळांच्या बाबतीत दाखल झाल्यापासून एका दिवसाच्या आत मृत्यू. पुण्याच्या संस्थेने, जी १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते, नमुन्यांत शोधले तेव्हा अडतीस वर्षांपूर्वीचा तोच विषाणू निघाला. त्यावर वादही झाला. काही बालरोगतज्ज्ञांचे म्हणणे पडले की ही मेंदूची सूज नसून मेंदूच्या रक्तवाहिन्यांवरचा आघात आहे. त्यांनी त्याला वेगळे नाव सुचवले. म्हणजे इतक्या मुलांचे प्राण गेल्यावरही नेमके काय घडले याला कोणता शब्द लावावा, याविषयी जाणकारांत एकमत नव्हते.

त्या साथीच्या जिल्ह्यांत करीमनगर होता, वरंगल होता. नकाशा उघडून पाहिला तर सिरोंच्याच्या समोर, नदीपलीकडे, जे कालेश्वरम दिसते ते तेव्हा करीमनगर जिल्ह्यात होते. सिरोंच्याच्या घरांतून सोयरिकी पलीकडे, बाजार पलीकडे, बोली पलीकडची. राज्याची सीमा नदीतून जाते. वाळूमाशीला आणि पाहुणा म्हणून आलेल्या आजारी मुलाला ती दिसत नाही. परंतु कागदाला दिसते. अलीकडचा ताप एका राज्याच्या तक्त्यात, पलीकडचा दुसऱ्या राज्याच्या तक्त्यात, आणि दोन तक्त्यांच्या भाषाही दोन. २००७ च्या जून ते सप्टेंबर या महिन्यांत नागपूर विभागात अशीच साथ नोंदली गेली : ७८ रुग्ण, मृत्यूचे प्रमाण शेकडा ४३ हून अधिक, आणि तपासात पुन्हा चांदीपुरा. चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे प्रशासकीयदृष्ट्या याच विभागात येतात. २०२४ च्या पावसाळ्यात पश्चिम भारतात, मुख्यतः गुजरातेत, तो पुन्हा आला. जूनच्या आरंभापासून १५ ऑगस्टपर्यंत देशात तीव्र मेंदूज्वराचे २४५ रुग्ण आणि ८२ मृत्यू नोंदले गेले, त्यांतल्या ६४ रुग्णांत चांदीपुरा सिद्ध झाला. उरलेल्या १८१ जणांना काय झाले होते, हे त्या आकड्यांतून कळत नाही. विषाणूवर औषध नाही, लस नाही. जे करायचे ते वेळेत ओळखणे, झटके आवरणे, शरीर तगवणे, आणि भिंतींच्या भेगा बुजवून, कीटकनाशक फवारून माशी घटवणे एवढेच.

आता त्या कागदाकडे वळू. देशात २००४ च्या अखेरीस एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. त्याच्या तीन पायऱ्या होत्या आणि त्यांना एस, पी, एल अशी तीन इंग्रजी आद्याक्षरे. पहिला तक्ता उपकेंद्राची परिचारिका वा आरोग्यसेवक नुसत्या लक्षणांवरून भरणार, दुसरा डॉक्टर तपासून भरणार, तिसरा प्रयोगशाळा. आठवडा सोमवारी सुरू होऊन रविवारी संपणार. २०२१ पासून हे काम संगणकीय मंचावर गेले आहे आणि नोंद रोजच्या रोज, रुग्णागणिक करता येते. पण आम्हांला रस वाटला तो त्या पहिल्या, लक्षणांच्या तक्त्यात. सात दिवसांच्या आतला ताप तिथे चार घरांत विभागलेला होता : नुसता ताप, पुरळासह ताप, रक्तस्रावासह ताप, गुंगी, अर्धवट शुद्ध वा बेशुद्धीसह ताप. आणि सगळ्यात शेवटी एक रकाना होता, वरीलपैकी कशातही न बसणाऱ्या, पण दवाखान्यात न्यावे लागले वा मृत्यू आला अशा चमत्कारिक लक्षणांसाठी.

कोतवालाच्या दोन अक्षरांपासून या चार घरांपर्यंत येणे हे लहान अंतर नव्हे. ज्याने कुणी हे रकाने आखले त्याला 'ताप' या शब्दाचा अपुरेपणा कळला होता. शेवटचा रकाना तर आम्हांला विशेष भावतो. जगात आपल्या वर्गीकरणाबाहेरचे काही घडू शकते याची कबुली देणारी ती एक रिकामी चौकट आहे, आणि नवा विषाणू पहिल्यांदा कागदावर येण्याची शक्यता असते ती अशाच चौकटीत. आमच्या वाङ्मयप्रकारांच्या तक्त्यांतही अशी एखादी जागा असती तर बरे झाले असते.

मात्र चौथे घर भरायचे कसे? तीव्र मेंदूज्वराच्या लक्षणसमूहाची जी प्रमाण व्याख्या आहे तिच्यात तापासोबत मनःस्थितीतला बदल अपेक्षित आहे, आणि तो बदल म्हणजे गोंधळणे, स्थळकाळाचे भान हरपणे, बेशुद्धी, किंवा बोलता न येणे. अथवा मग नव्याने आलेले झटके. बोलता न येणे! भाषेच्या शिक्षकाने थबकावे अशी ही अट आहे. मूल बोलेनासे झाले हे कुणाला कळणार? जो त्याच्याशी बोलत होता त्याला. दोन वर्षांचे मूल माडियात बोबडे बोलते. ते गप्प आहे की भेदरले आहे, भलतेच बडबडते आहे की आईला नेहमीचे काही सांगते आहे, हे ठरवायला माडिया यावी लागते. व्याख्या इंग्रजीत लिहिली गेली, तक्ता मराठीत समजावला गेला, आणि ज्या बोलण्याच्या असण्यानसण्यावर निदान अवलंबून ते बोलणे तिसऱ्याच भाषेत. ही साखळी कुठेही तुटली की मूल चौथ्या घरातून पहिल्या घरात येते : नुसता ताप.

गेल्या काही वर्षांत बोलीविज्ञानाच्या तासिकेचा भाग म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना एक साधे काम देत आलो. घरी जाऊन विचारायचे की लहान मूल तापाने आजारी पडते तेव्हा तुमच्याकडे काय काय म्हणतात, आणि ते जसेच्या तसे उतरवून आणायचे. आलेल्या वह्यांतले माडिया आणि गोंडी शब्द इथे देण्याचा अधिकार आमचा नाही. त्यांचा उच्चार देवनागरीत नीट उतरला आहे की नाही याची खात्री ती भाषा बोलणाऱ्यांनीच करायला हवी. मराठी आणि झाडीबोली बोलणाऱ्या घरांतून जे आले ते असे : आंग तपलं, हिव भरलं, झटके आले, आकडी आली, दातखिळी बसली, डोळे फिरवले, मान टाकली, हवा लागली, बाहेरचं झालं, नजर लागली. झाडीबोलीत 'ण' नाही, तेव्हा पुष्कळ ठिकाणी 'पानी धरत नाही', म्हणजे प्यायलेले पाणी पोटात ठरत नाही, असेही आले.

या यादीतले शब्द आम्ही आधी दोन भागांत मांडून पाहिले : डोळ्यांनी दिसणारे आणि समजुतीचे. 'डोळे फिरवले' हे निरीक्षण, 'बाहेरचं झालं' ही समजूत. आरोग्यसेवेतल्या आमच्या एका माजी विद्यार्थिनीने ही विभागणी मोडीत काढली. तिच्या अनुभवात 'हवा लागली' असे आई म्हणते ते बहुधा मुलाची हालचाल एकाएकी बदलते तेव्हा; साध्या सर्दीतापाला ती हा शब्द वापरत नाही. म्हणजे कारण म्हणून तो शब्द चुकीचा असेल, पण खूण म्हणून फार मोलाचा. ऐकणाऱ्याने त्याला अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारले तर आईने केलेले सर्वांत नेमके निरीक्षणही त्याच्यासोबत जाते. बिहारात मुझफ्फरपूरकडे लोक ज्याला 'चमकी' म्हणत, त्या आजाराची कथा अशीच बोलकी आहे. झटक्यांचे वर्णन करणारा तो लोकांचा शब्द. वर्षानुवर्षे विषाणू शोधले गेले; शेवटी २०१४ च्या साथीच्या अभ्यासातून लिची, रात्रीचा उपवास आणि रक्तातली साखर एकदम उतरणे यांचा संबंध पुढे आला. लोकांचा शब्द कारणाविषयी काही दावा करत नव्हता. वैद्यकाचा शब्द 'मेंदूज्वर' मात्र करत होता.

आमच्या भागात हा गुंता आणखी वाढतो. गडचिरोली हा राज्यातला हिवतापाचा सर्वांत मोठा जिल्हा म्हणून ओळखला जातो, आणि मेंदूपर्यंत गेलेला हिवताप बाहेरून चांदीपुरासारखाच दिसतो : ताप, झटके, बेशुद्धी. जपानी मेंदूज्वरही तसाच, धानाच्या बांध्या, बगळे आणि डुकरे यांच्या सोबतीने येणारा. बोटाच्या थेंबावर हिवताप काही मिनिटांत कळतो. विषाणू कळायला रक्त वा पाठीच्या मणक्यातले पाणी थंड राखून प्रयोगशाळेपर्यंत न्यावे लागते. शरीर ज्या प्रतिपिंडांनी विषाणूची साक्ष देते ती तयार व्हायला काही दिवस लागतात, आणि हे मूल एकदोन दिवसांत जाते. म्हणून त्या पहिल्या काही तासांत नमुना घेतला गेला तरच विषाणू थेट सापडण्याची आशा. पुरावा मिळण्यासाठी मूल जिवंतपणी कुणाच्या तरी हाती पोचावे लागते. पर्लकोटेचा पूर पुलावरून वाहू लागला की भामरागड बाहेरच्या जगापासून तुटते. २०२४ च्या पावसाळ्यातही तुटले होते. आणि चांदीपुराचा हंगाम नेमका तोच, जून ते सप्टेंबर.

आमच्या एका विद्यार्थिनीने त्या गृहपाठाच्या वहीत शब्दांऐवजी साताठ ओळी लिहून दिल्या. तिचा धाकटा भाऊ सकाळी खेळत होता, दुपारी आंग तपले, तिन्हीसांजेला त्याने हाक ओळखली नाही, रात्री दोनदा झटके आले. पुजाऱ्याला बोलावले, खाटेची कावड करून नाल्यापर्यंत नेले, नाल्याला पाणी होते. पहाटे तो गेला. पुढे दाखल्यासाठी कुणीतरी विचारायला आले तेव्हा वडिलांनी सांगितले, ताप होता. तेच लिहिले गेले. वहीच्या खाली तिने आम्हांला विचारले होते : सर, हे शब्द यादीत बसतात का?

या ओळींना गुण देता येत नाहीत हे उघड आहे. परंतु त्या ओळी वाचून आम्हांला जे कळले ते असे की, तिच्या सात ओळींत तक्त्याच्या चौथ्या घराला लागणारे सर्व काही होते. तापाचा आरंभ, शुद्धीतला बदल, झटके, काळाचा क्रम, वय, ऋतू. घरात माहिती पूर्ण होती. वडिलांना भाषा येत नव्हती असेही नाही. त्यांना कुणी गोष्ट विचारली नाही, कारण विचारले. कारण विचारल्यावर माणूस एका शब्दात उत्तर देतो. गोष्ट विचारली तर तो रात्र सांगतो.

सार्वजनिक आरोग्यशास्त्राला ही गोष्ट ठाऊक नाही असे नाही. घरी मृत्यू झाला आणि डॉक्टर जवळ नव्हता अशा वेळी कुटुंबीयांना सविस्तर विचारून कारण ठरवण्याची एक रीत आहे. तिला 'मौखिक शवपरीक्षा' म्हणतात. भारताच्या महानिबंधकांच्या नमुना नोंदणीशी जोडून प्रभात झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या दहा लक्ष मृत्यूंच्या अभ्यासात ही रीत वापरली गेली. वैद्यकाचे शिक्षण नसलेला सर्वेक्षक घरी जातो, प्रश्नावली भरतो आणि शेवटी घरच्यांची हकीकत स्थानिक भाषेत लिहून घेतो. मग दोन डॉक्टर ती स्वतंत्रपणे वाचून कारण ठरवतात. दोघांचे एकमत नसेल तर पुन्हा वाचतात. साहित्याच्या विद्यार्थ्याला हे ओळखीचे वाटावे. एक संहिता, दोन वाचक, अर्थाविषयी मतभेद, पुन्हा संहितेकडे येणे. फरक इतकाच की आमच्या मतभेदांनी कुणाच्या लसीचा वा औषधाचा निर्णय ठरत नाही.

आणि याबाबतीत गडचिरोलीने इतरांना शिकवले आहे, हेही नमूद करायला हवे. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ साली इथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. बाळाच्या न्यूमोनियाची ओळख श्वासांच्या वेगावरून होते. पण ज्या सुइणींनी ते मोजायचे त्यांना बाराच्या पुढे अंक येत नव्हते. तेव्हा त्यांनी एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी यांचे एक साधन घडवले : दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. अंक येत नाहीत म्हणून बाईला मोजणीतून वगळण्याऐवजी मोजणी तिच्या हाताशी आणली गेली. गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बालकांची घरी काळजी घेण्याचा त्यांचा ३९ गावांतला प्रयोग १९९९ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले होते. आणि २००१ साली त्यांनी राज्यातल्या अनेक संस्थांसह बालमृत्यूंची मोजणी करून जो अहवाल काढला, त्याने सरकारदप्तरी न नोंदल्या गेलेल्या मृत्यूंचा प्रश्न विधिमंडळापर्यंत नेला. त्याचे नाव होते 'कोवळी पानगळ'. आकड्यांच्या पुस्तकाला असे नाव द्यावेसे वाटणे हा आम्हांला केवळ शैलीचा भाग वाटत नाही. पानगळ ऋतूनुसार होते. कोवळ्या पानांची होत नाही. जे घडते आहे ते निसर्गक्रमाने घडत नाही, हे त्या दोन शब्दांतच सांगून झाले होते.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. विषाणूंवर पाळत ठेवण्याचे काम प्रयोगशाळेत सुरू होत नाही. ते सुरू होते एका बाईने दुसऱ्या बाईचे बोलणे ऐकण्यापासून, आणि त्या ऐकण्याला भाषेचे शिक्षण लागते. आशा आणि परिचारिकांच्या प्रशिक्षणात सुई, थर्मामीटर, हिवतापाची पट्टी हे सगळे असते. गोंडी-माडियातले, झाडीबोलीतले तापाचे शब्द आणि ते कुठल्या खुणेसाठी वापरले जातात याची नोंद त्यांच्या हाती असली तर चौथे घर वेळेत भरेल. ही नोंद करण्यासाठी लागणारी माणसे आमच्याच वर्गांत बसलेली आहेत. गोंडवाना विद्यापीठ २०११ साली स्थापन झाले ते याच दोन जिल्ह्यांसाठी. त्याच्या भाषाविभागांतून बोलींवरचे जे प्रबंध व्हायचे आहेत त्यांतला एखादा आजारपणाच्या शब्दांवर झाला, तर तो ग्रंथालयाबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रातही ठेवता येईल.

दुसरे म्हणणे उलट दिशेचे आहे. नमुना पुण्याला वा नागपूरला जातो, उत्तर तक्त्यात येते, तक्ता वर जातो. घराकडे काय परत येते? ज्यांचे मूल गेले त्यांना ते कशाने गेले हे त्यांच्या भाषेत कुणीतरी येऊन सांगावे, ही अपेक्षा शास्त्राच्या चौकटीबाहेरची समजली जाते. आम्हांला ती चौकटीतली वाटते. ज्या घराला कळले की रोग भिंतीच्या भेगेत राहणाऱ्या माशीने आणला, ते घर पुढच्या पावसाळ्याआधी भेग लिंपते, आणि शेजारच्या मुलाला झटका आला तर पहाटेची वाट पाहत नाही. ज्या घराला काहीच कळले नाही त्याच्यापाशी 'हवा' आणि 'नजर' एवढेच उरते. मग त्यालाच अडाणी म्हणायचे, हा न्याय नव्हे.

त्या वह्यांतून निवडलेले शब्द आम्ही गेल्या वर्षी विद्यार्थ्यांकडून दोन पानांत सुवाच्य लिहून घेतले. प्रत्येक शब्दापुढे तो शब्द वापरला जातो तेव्हा मूल कसे दिसते हे एका ओळीत. माडिया शब्द माडिया घरच्या मुलींनी आपापल्या आज्यांकडून तपासून घेतले. दोन ठिकाणी आज्यांत मतभेद झाले, तिथे दोन्ही शब्द ठेवले. त्यांतल्या एका मुलीने ती पाने तिच्या गावच्या उपकेंद्रातल्या सिस्टरांना दिली. सिस्टर मूळच्या दुसऱ्या जिल्ह्यातल्या. त्यांनी पाने वाचली, एका शब्दाचा उच्चार तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतला, आणि नोंदवहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला तो पेन्सिलीने लिहून ठेवला. पुढे कंसात लिहिले : लगेच पाठवणे.